निशाणी हातोडी

दुबईला उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मी गुन्हेगार ठरता ठरता राहिले.

बॅग यंत्रातून गेली, थांबली, परत मागे गेली. कस्टमच्या काउंटरवर डोक्याला काळा शेला गुंडाळलेली एक तरुण बाई होती. तिने मला बॅग उघडायला लावली. फुग्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचा डबा, कोलंबीचं लोणचं, माझे दोन ड्रेस आणि सगळ्यात खाली केळीच्या सोपटात बांधलेली शंभरेक विड्याची पानं.

"भाजी आहे," मी इंग्रजीत सांगितलं.

"भाजी नाही. पान," ती म्हणाली. शब्द तिला आपल्यासारखाच येत होता. "मॅडम, हे चालत नाही इथे."

मी म्हटलं, तंबाखू नाही, सुपारी नाही, नुसतं पान आहे, आमच्या वाडीतलं. ती हसली, पण पानं तिने काढून घेतली ती घेतलीच. दंड नाही, ओरडणं नाही. एका कागदावर माझी सही घेतली आणि सोपटाचा पुडा टेबलाखालच्या पिंपात टाकला.

मी वसईची. माझा बाप दुसऱ्याच्या वाडीत केळीचे लोंगर उचलायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. इतिहासात एम.ए. केलं, ज्युनियर कॉलेजात शिकवते. प्रबंधाचा विषय जुन्या काळचा गावचा कायदा आणि अचानक आलेल्या मरणाची चौकशी. हे सगळं छाती पुढे काढून सांगण्यासारखं आहे आणि मी ते सांगतेही. पण ज्या देशात जायचं तिथे पान चालत नाही, एवढा साधा कायदा मी वाचला नव्हता.

पानं रोझीमावशीची होती. आईची धाकटी बहीण. तिच्या वाडीत पानवेली आहेत. आयुष्यभर तिने पानं खुडली, मोजली, बांधली. तिचा एकुलता मुलगा आग्नेल शारजाच्या एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग करायचा. मार्चमध्ये तो तिथेच गेला. बेचाळीस वर्षांचा. पेटी आली ती बंद. काही दिवस उलटून गेले होते, उघडू नका, असं बरोबरच्या लोकांनी सांगितलं आणि आम्ही उघडली नाही. पेटीबरोबर आलेल्या कागदांत एक अरबी कागद होता. गावात पूर्वी आखातात राहून आलेल्या एकाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हा पोलिसांचा आहे. पोलिसांचा कागद उगाच होत नाही." झालं. आठवड्याभरात गावभर झालं की आग्नेलने स्वतःचं काहीतरी करून घेतलं.

मावशीने कोणाशी भांडण केलं नाही. फक्त थडग्यावर दगड बसवला नाही. आठ महिने झाले, नुसती माती आणि लाकडी क्रूस. विचारलं की म्हणायची, "काय कोरायचं ते कळलं की बसवीन."

दिवाळीच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे, लीनाकडे, दुबईला जाणार हे कळल्यावर ती पानं घेऊन आली. "त्याच्याबरोबर काम करणारी माणसं असतील ना, त्यांना दे. आणि तू शिकलेली आहेस बाय. विचारून ये. शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, एवढं."

पानं तर पिंपात गेली. उरलं विचारणं.

अल मनखूल

लीना आणि तिचा नवरा विल्सन अल मनखूलमध्ये राहतात. जुनी इमारत, पण गच्चीवरून खाडीकडचं आकाश दिसतं आणि खालच्या दुकानात कढीपत्त्यापासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. लिफ्टमध्ये मला पहिल्या दिवशी गुजराती, मल्याळी आणि मराठी ऐकू आलं, अरबी मात्र नाही. नोव्हेंबरची हवा गोड होती. संध्याकाळी लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात, आमच्याकडची माणसं पावसाळा संपल्यावर ओट्यावर बसतात तशी.

जेवायला हमूर मासा होता, आमच्या बाटली मसाल्यात. बाजूला मी आणलेले फुगे. विल्सन हॉटेलात बँक्वेटला आहे, त्यामुळे घरात तो काही उचलत नाही, फक्त चव सांगतो. "मिठाला टाइट आहे," तो म्हणाला. लीना म्हणाली, "गेस्टला कॉम्प्लेंट कार्ड देऊ का?"

त्यांची मुलगी रिया नववीत. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही. तिने विचारलं, मावशी, तू नक्की काय शिकलीस?

मी सांगितलं. जुन्या इंग्लंडात कोरोनर नावाचा अधिकारी असायचा. कोणी अचानक मेलं, बुडालं, गाडीखाली आलं, की तो गावात यायचा. स्वतः निकाल द्यायचा नाही. शेजारपाजारच्या बारा-पंधरा माणसांना बोलवायचा, प्रेताभोवती उभं करायचा आणि विचारायचा, हा कसा मेला? कारण शेजाऱ्यांना माहीत असतं. ज्या वस्तूने मरण आलं, ती गाडी, तो घोडा, ती वस्तू देवाला वाहिली म्हणून सरकारजमा व्हायची, आणि तिची किंमतही तेच शेजारी ठरवायचे. गरिबाची गाडी असली की किंमत मुद्दाम कमी लावायचे.

"सो दे लाइड," रिया म्हणाली.

"दयेने," मी म्हटलं. "आणि कोणी जीव दिला असला तर त्याचं सगळं घरदार जप्त व्हायचं, कबरस्तानात जागा मिळायची नाही. मग शेजारी सांगायचे, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणजे मातीही मिळायची, घरही वाचायचं."

"दॅट्स स्टिल लाइंग."

लीनाने तिला ताट उचलायला पाठवलं. पण पोरीचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं.

खलिफा सिटी

दुसऱ्या दिवशी विल्सनला सुट्टी होती. आम्ही अबुधाबीकडे निघालो. रस्त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. सरळ आहे, स्वच्छ आहे, दोन्ही बाजूंना खजुरी आहेत आणि विल्सन वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याला इतका भितो की आमच्या पुढून ट्रकसुद्धा गेले.

खलिफा सिटीत कैतानकाका राहतात. आमच्याच गावचे. तीस वर्षं इथे. एका कंपनीत सरकारी कागदांची कामं बघतात, अरबी लिहिता-वाचता येतं. व्हिलाच्या मागच्या दोन खोल्या भाड्याच्या, पण पुढे त्यांनी केळ लावली आहे. वाळूत लावलेली वसईची केळ. पानं फाटलेली, घड छोटा, पण काका तो असे दाखवत होते जसा कोणी नातू दाखवतो.

अरबी कागद मी पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"आणि यावरून गावात बोंब झाली?"

"पोलिसांचा आहे ना?"

"पोलिसांचाच आहे. अगं, इथे माणूस हॉस्पिटलच्या बाहेर मेला की पोलीस येणारच. म्हातारा झोपेत गेला तरी येतात. डॉक्टर बघतो, ते लिहितात, खलास. हे बघ, इथे लिहिलंय, हृदय बंद पडलं. इथे लिहिलंय, संशय नाही. मग बॉडी न्यायची परवानगी." त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात ठेवला. "ज्याने वाचला त्याला अरबी येत होतं?"

"शिक्का ओळखता येत होता."

"शिक्का काय, मलाही सहा महिन्यांत ओळखता यायला लागला होता."

मी हसले, पण मला स्वतःचीच लाज वाटली. अचानक मरणाला सरकारी माणसाला यावंच लागतं, हे मी दीडशे पानांत लिहून काढलं होतं. आमच्याच घरात तो कागद आला तेव्हा मीही शिक्का बघून गप्प बसले. आठ महिने.

काकांनी कागदाचं मराठी करून आपल्या हाताने लिहून दिलं, खाली सही केली. निघताना मी म्हटलं, मावशीला आता पटेल. काका केळीला पाणी घालत होते. म्हणाले, "रोझीला मी ओळखतो. हा कागद गावाचं तोंड बंद करील. तिने जे विचारलंय ते यात नाही."

खरंच नव्हतं. कागदात हृदय होतं. जवळ कोण होतं, ते नव्हतं.

शारजा

शारजाचा औद्योगिक भाग म्हणजे गॅरेजांचं एक अख्खं शहर. एका गल्लीत फक्त टायर, एका गल्लीत फक्त काचा, एका गल्लीत अपघातात चेमटलेल्या गाड्या रांगेने. हवेत रंगाचा आणि जळक्या लोखंडाचा वास. मी सोडून बाई दिसली नाही. विल्सन म्हणाला, "ताई, तू गाडीत बस, मी विचारून येतो." मी म्हटलं, विचारायला मला पाठवलंय.

आग्नेलचं गॅरेज दोन फेऱ्यांनंतर सापडलं. पत्र्याच्या सावलीत तीन माणसं कामाला होती. मी आग्नेलची मावसबहीण, एवढं सांगितल्यावर तिघांनीही हातातलं खाली ठेवलं.

मोठा होता तो बशीर, पेशावरकडचा, डेंटर. चेमटलेला पत्रा हातोडीने ठोकून सरळ करायचं त्याचं काम. दाढी मेंदीने लाल. दुसरा शाजी, केरळचा, एसीवाला. तिसरा दिलबहादूर, नेपाळी, रंगाचं काम करणारा. तो फार बोलत नव्हता, पण माझ्यासाठी स्टूल पुसून त्यानेच ठेवलं. शाजीने समोरच्या कॅफेटेरियाकडे बघून पाच बोटं दाखवली आणि कडक चहा आला. विल्सन सवयीने म्हणाला, "दीड दिरहमचा, म्हणजे चाळीसच्या आत. वसईत तरी एवढा घट्ट मिळतो का?"

मी पानांची गोष्ट सांगितली. मावशीने तुमच्यासाठी पाठवली होती, विमानतळावर गेली. बशीर गुडघ्यावर हात मारून हसला. मला बाजी म्हणाला, म्हणजे ताई. "बाजी, पान लेके दुबई? मेरे गाँव का आदमी भी ऐसा काम नहीं करता."

मग मी विचारलं.

शाजीने सांगितलं. रमजान होता. दुपारची साडेतीन-चारची वेळ. आग्नेल एका पिकअपच्या बॉनेटखाली वाकलेला होता. उभा राहिला, म्हणाला, छातीत जळतंय, आणि तिथेच चाकाला टेकून बसला. शाजीने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. दिलबहादूरने शर्टाची बटणं सोडली आणि पुठ्ठ्याने वारा घातला. आग्नेलने पाणी मागितलं. बशीरने पाजलं.

"इसका रोज़ा था," शाजी म्हणाला. "फिर भी सर गोद में लेके बैठा. ॲम्ब्युलन्स आने तक."

"रोज़ा मेरा था, उसका थोड़ी था," बशीर म्हणाला.

"काही बोलला?"

"माँ को बोला कुछ. अपनी ज़बान में. हम को समझ नहीं आया." बशीर आता खाली बघत होता. "फिर आँख ऐसे हुई तो मैंने पढ़ा. जो मुझे आता है, वही पढ़ा, बाजी. उसका वाला मुझे नहीं आता था."

मी पर्समधून पेन काढलं.

मी म्हटलं, हे लिहून देता का? आणि मग मला सांगावंच लागलं की का. आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी गावात वाद उठला की गोत, म्हणजे गावची सभा बसायची. ज्यांना माहीत आहे ते सांगायचे, आणि जे ठरलं त्याचा कागद व्हायचा, महजर. खाली सगळ्यांची साक्ष. लिहिता फार थोड्यांना यायचं. म्हणून प्रत्येक जण आपल्या धंद्याचं हत्यार काढायचा. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, लोहाराची सांडस. बाजूला लिहिलेलं असायचं, निशाणी नांगर. ती सहीपेक्षा कमी नव्हती. अशी चित्रं मी दप्तरखान्यात भिंगाने बघितली आहेत, आणि आमच्यासारख्यांच्या घरातली माणसं इतिहासात शिरली ती त्या चित्रांतून, हे माझं मत आहे.

"मतलब अनपढ़ भी गवाह," बशीर म्हणाला.

"अनपढच साक्षीदार. त्यालाच माहीत असायचं."

मी वहीतलं पान फाडलं नाही. कोरा कागद बरोबर आणला होता. बॉनेटवर ठेवून मराठीत लिहायला लागले, एकेक वाक्य हिंदीत वाचून दाखवत. प्रार्थनेच्या जागी आले आणि पेन थांबलं. मावशी रोज संध्याकाळी रोझरी म्हणणारी बाई. शेवटच्या क्षणी पाद्री नाही, नमो मरिया नाही, आणि म्हटलं गेलं ते परक्या धर्मातलं.

शाजीला कळलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, लिख दो ना, उसने येशू का नाम लिया. हम साइन करेगा. मदर खुश हो जाएगी. किसको मालूम पड़ेगा?"

दिलबहादूरनेही मान हलवली. तीन शेजारी, दयेने खोटं बोलायला तयार. मी ज्यांच्याबद्दल वाचलं होतं ते सगळे जणू माझ्यासमोर उभे होते, ग्रीस लागलेल्या हातांनी. आणि खरं सांगते, मी लिहिणार होते. दोन शब्द तर लिहिलेही होते.

"नहीं," बशीर म्हणाला. "झूठ मत लिखो, बाजी. एक बात झूठ निकली तो माँ पानी वाली बात भी नहीं मानेगी."

मी ते दोन शब्द खोडले. जुन्या कागदांत खाडाखोड असते तशी ती आजही तिथे आहे. पुढे लिहिलं: बशीरला आग्नेलची प्रार्थना येत नव्हती म्हणून त्याने स्वतःची म्हटली.

बशीरने पेन मुठीत धरलं, छिन्नी धरतात तसं, आणि हातोडी काढली. एका बाजूला चपटी, दुसऱ्या बाजूला टोकदार. मी बाजूला लिहिलं, निशाणी हातोडी. शाजी बारावी झालेला, त्याला तीन लिप्या येतात. पण तो म्हणाला, मैं भी ड्रॉइंग करेगा, आणि एसीचा गॅस मोजायचं घड्याळ काढलं, काट्यासकट. दिलबहादूरने रंगाची पिचकारी इतकी सुबक काढली की विल्सन म्हणाला, याला हॉटेलात केकवर लावतो.

"यल्ला, चलो," फोरमनचा आवाज आला आतून. सगळे उठले. बशीर म्हणाला, "माँ को बोलना, इधर अकेला नहीं था. बस."

वसई

मावशी पानवेलीच्या वाफ्यात होती. हात धुऊन ओट्यावर आली. आधी मी कैतानकाकांचा कागद वाचून दाखवला. तिने ऐकला आणि म्हणाली, "हा रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याला दे. ज्याने वाचला होता त्यालाच. मोठ्याने वाच म्हणावं."

मग दुसरा. मी सगळं वाचलं, एक शब्द न गाळता. प्रार्थनेचं आलं तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही. तिने कागद आपल्याकडे ओढला. बोट कागदावर फिरवत होती. खाडाखोडीवर थांबलं, हातोडीवर थांबलं.

"याने पाणी दिलं?"

"हो."

"उपासात?"

"हो."

"पाणी थंड होतं का ग?"

दीडशे पानांचा प्रबंध, चार दिवसांची चौकशी, आणि हे मी विचारलं नव्हतं.

"त्याला कोमट पाणी गिळवत नव्हतं," मावशी म्हणाली. "लहानपणापासून. मडक्यातलं लागायचं."

मी शाजीला निरोप पाठवला. मावशीने चहा टाकला, आम्ही प्यायलो, अंगणात कोंबड्या फिरत होत्या. पाऊण तासाने फोन वाजला, व्हॉइस मेसेज होता. आवाज बशीरचा होता, मागे हातोड्यांचा ठोका चालू. "बाजी, माँ को बोलो, ठंडा था. इफ्तार के लिए थर्मास भरा था मैंने. बर्फ था उसमें."

मावशीने तो आवाज परत लावायला सांगितला. परत ऐकला. हिंदी तिला जेमतेम कळते, पण 'बर्फ' कळलं.

"लिही," ती म्हणाली.

मी साक्षींच्या खाली उरलेल्या जागेत लिहिलं, पाणी थंड होतं, त्यात बर्फ होता. मग सांगितलं की नियमाने, मागून घातलेल्या ओळीपुढे कोणाची तरी निशाणी लागते.

मावशीने पेन माझ्या हातातून घेतलं. तिने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या रजिस्टरातही तिने अंगठाच दिला होता. तिने कागद गुडघ्यावर ठेवला आणि एका रेषेत, न थांबता, विड्याचं पान काढलं. मधली शीर, बाजूच्या शिरा, टोक किंचित वाकलेलं. देठसुद्धा.

"दगडवाल्याला उद्या बोलव," ती म्हणाली. मग कागद माझ्यापुढे धरला. "आणि याचा फोटो काढून त्या बशीरला पाठव. हे पान काही ती पोरगी पिंपात टाकायची नाही."